चार बोटं कमी

दारावर आकडे लिहिलेले होते. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात, फळ्यावर लिहावेत तसे सुवाच्य. डावीकडे ऑपरेशनचं नाव, उजवीकडे भाव, आणि सगळ्यांत खाली एक ओळ : ‘यात सगळं आलं. वेगळं काही मागितलं तर पाटीवर बोट ठेवा.’ तपासनीस फाटकातच थांबला. पंचवीस वर्षं तो आरोग्य खात्यासाठी दवाखाने तपासत होता. दवाखान्यांच्या दारांवर त्याने डॉक्टरांच्या पदव्या पाहिल्या होत्या, देणगीदारांची नावं पाहिली होती, शांतता राखा, थुंकू नका, भेटीची वेळ चार ते सहा, सगळं पाहिलं होतं. भाव कधी पाहिला नव्हता. दवाखान्यातला भाव म्हणजे रोगासारखाच, आत गेल्यावर कळायचा आणि तोही बेताबेताने, आधी धीर देऊन. इथे तो उघड्यावर उन्हात उभा होता. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याच्या मनाने ताबडतोब सांगितलं. मग त्याची नजर चौथ्या ओळीवर गेली, ‘हर्निया, एका बाजूचा’, आणि पँटच्या डाव्या खिशातला त्याचा हात आपोआप आवळला गेला. तो हात गेले आठ महिने खिशातच असायचा. खिशाच्या अस्तरातून तो जांघेतला लिंबाएवढा फुगवटा आत दाबून धरायचा. ऑफिसात कुणाला हे ठाऊक नव्हतं. ‘साहेब हल्ली फार ऐटीत उभे राहतात,’ असं एक कारकून मागे म्हणाला होता, तेवढंच.

ऑफिसात त्याला भिंग म्हणत. तोंडावर भिंगसाहेब. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. पैसे खाल्लेला माणूस आणि न खाल्लेला माणूस यांत फरक एवढाच, की न खाल्लेल्याला टोपणनाव पडतं, असं तो बायकोला सांगे. या दवाखान्याविरुद्ध तक्रार आली होती. ‘एवढ्या कमी दरात शस्त्रक्रिया होऊच शकत नाही, रुग्णांच्या जिवाशी खेळ चालला आहे,’ आणि खाली सही, ‘एक जागरूक नागरिक’. भिंगाने तो कागद आधी उजेडात धरून पाहिला होता. जाड, गुळगुळीत, महागाचा कागद. जागरूक नागरिक असल्या कागदावर लिहीत नाहीत. हमरस्त्यावरच्या सात मजली हॉस्पिटलचा पत्रव्यवहार अशाच कागदावर येतो, हे त्याला माहीत होतं. पण तक्रार कुणी केली हा त्याचा विषय नव्हता. त्याचा विषय तक्रारीत तथ्य आहे का एवढाच होता. आणि खरं सांगायचं तर त्यालाही वाटत होतं की तथ्य असावं. एवढा कमी भाव माणूस कशाला लावील? कुठेतरी कापलेलं असणार. धागा हलका असणार, भूल देणारा शिकाऊ असणार, एकदा वापरायची वस्तू दोनदा उकळून वापरत असणार.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. सडसडीत बांधा, बारीक कापलेले पांढरे केस. मोठ्या हॉस्पिटलात वीस वर्षं शस्त्रक्रिया करून मग हे दहा खाटांचं काढलं होतं. त्यांनी त्याला चहा विचारला नाही. याचीही त्याने मनात नोंद केली. चहा विचारणारे लपवतात, हे खरं, पण न विचारणारे जास्त सराईत असतात. त्याने धाग्यांची पाकिटं तपासली, सगळी चांगल्या कंपनीची, मुदतीतली. निर्जंतुकीकरणाची नोंदवही तपासली, रोजच्या सह्या, एकाच शाईच्या नव्हेत, म्हणजे एका बैठकीत ठोकलेल्या नाहीत. भूलतज्ज्ञाची पदवी खरी. प्राणवायूच्या टाक्या भरलेल्या. जसजसं काही सापडेना तसतसा त्याचा संशय पक्का होत गेला. इतकं नीटनेटकं कोण ठेवतं? ज्याला कुणी येणार हे माहीत आहे, तोच.

‘परवडतं कसं तुम्हाला?’ शेवटी त्याने विचारलंच.

‘हा प्रश्न तुमच्या फॉर्मवर आहे?’

‘नाही. मीच विचारतोय.’

बाई पहिल्यांदा थोड्या सैल झाल्या. ‘माझ्याकडे संगमरवर नाही. पेशंट पाठवणाऱ्याला मी हिस्सा देत नाही. बिलं वसूल करायला बारा माणसं लागतात मोठ्या जागी, माझ्याकडे एक आहे आणि तीच फोनही उचलते. आणि भाव दारावर लिहिला ना, की मलाच तो पाळायला लागतो. काही वाया गेलं तर माझ्या खिशातून जातं. मग माणूस वाया घालवत नाही.’

‘आणि ज्याच्याकडे तेवढेही नसतील?’

‘त्याचं उत्तर माझ्या पाटीवर नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तुमच्या यादीवर आहे का?’

यादी म्हणजे सरकारी हॉस्पिटलची प्रतीक्षायादी. तिच्यावर भिंगाचा नंबर अकराशे चार होता. आठ महिन्यांपूर्वी तो बाराशे नव्वद होता. ही गोष्ट बाईंना कळणं शक्य नव्हतं, तरीही त्याला वाटलं, हिला कळलंय.

भावाची पाटी त्याने लहानपणी एकदा पाहिली होती, घरातच. वडलांचं कापडाचं दुकान होतं, गल्लीच्या तोंडाशी, आणि गल्ल्यामागे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं, ‘एकच भाव’. शाळेतून आला की तो दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून गृहपाठ करायचा. गिऱ्हाईक यायचं, कापड बोटांत चुरगाळायचं, भाव विचारायचं आणि अर्ध्यावर यायचं. वडील हसून पाटी दाखवायचे. गिऱ्हाईकाला तो अपमान वाटायचा. समोरच्या दुकानात दुप्पट सांगत, मग तासभर हुज्जत, शपथा, ‘तुमच्यासाठी म्हणून’, आणि माणूस वडलांच्या भावापेक्षा जास्त देऊन, जिंकल्यासारखा बाहेर पडे. आई म्हणायची, ‘अहो, लोकांना भाव नको असतो, विजय हवा असतो.’ तिसऱ्या वर्षी एका दुपारी वडलांनी स्टुलावर चढून पाटी काढली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी दुप्पट सांगितलं. त्यांचा आवाज तेव्हा बदलला होता, जरा लाडीगोडीचा, कुणा दुसऱ्याचा झाला होता. दुकान मग चाललं. तो शिकला, नोकरीला लागला, त्या चाललेल्या दुकानावरच. पण त्यानंतर कुणीही काहीही साधं सांगितलं, की त्याला तो आवाज शोधायची सवय लागली. मित्राने जेवायला बोलावलं तरी, बायकोने शर्टाची स्तुती केली तरी. प्रत्येक पाटीमागे एक स्टूल असतं आणि प्रत्येकावर कधी ना कधी कुणीतरी चढतं.

ऑपरेशनच्या खोलीकडे जाणारी मार्गिका त्याने सगळ्यांत शेवटी मोजली. नियम आठ फुटांचा होता. तो खाली वाकला, मोजपट्टीचं टोक भिंतीशी धरलं, आणि खिशातला हात काढावा लागल्यामुळे असेल, जांघेत काहीतरी सरकलं. घाम फुटला. भिंतीला टेकून तो तसाच राहिला, दात आवळून.

‘किती दिवस झाले?’ बाई मागे उभ्या होत्या.

‘कशाला?’

‘मी रोज हेच बघते. आल्यापासून तुमचा हात खिशात आहे. आडवे व्हा, आत जातंय का बघा. आणि फार दिवस ठेवू नका, अडकलं तर जिवावर बेतेल.’

तो उठून उभा राहिला. कपडे झटकले. मग जे बोलू नये ते त्याच्या तोंडून गेलं. ‘ती पाटी... तो भाव सगळ्यांना लागू आहे?’

‘सगळ्यांना.’

‘सरकारी माणसाला?’

बाईंचा चेहरा बंद झाला. दार लावल्यासारखा. ‘अहवाल लिहून होईपर्यंत तुम्हाला नाही,’ त्या म्हणाल्या. ‘फुकट नाही, स्वस्तात नाही, आणि पूर्ण पैसे देऊनही नाही. याआधी एकजण आले होते, त्यांनाही हेच सांगितलं.’

म्हणजे हिला वाटलं, मी मागतोय. परतीच्या वाटेवर बसच्या खिडकीशी बसून त्याने हे वाक्य दहा वेळा उलटंसुलटं केलं. पंचवीस वर्षांत चहाच्या एका कपाचाही मिंधा न झालेला माणूस, आणि हिने त्याला त्या ‘एकजणा’च्या रांगेत बसवलं. दुसऱ्यांवर संशय घेणं हा त्याचा धंदा होता; आपल्यावर कुणी घेतला तर तो कसा लागतो, हे त्याला माहीतच नव्हतं. गरम भांड्याला हात लागावा तसा लागला. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती, आणि ती घराजवळचा थांबा आल्यावर त्याच्या ध्यानात आली. बाईंचा संशय अगदीच खोटा नव्हता. त्याला ते ऑपरेशन तिथेच करून घ्यायचं होतं. फुकट नाही, पण तिथे, त्या पाटीखाली. म्हणजे अहवाल चांगला लिहिला तर तो कुणासाठी लिहिला?

दोन दिवस तो अहवालावर बसला. बाकी सारं त्याने खरं ते लिहिलं. मार्गिकेपाशी येऊन थांबला. आठ फुटांना चार बोटं कमी भरली होती. चार बोटं म्हणजे काही नाही, स्ट्रेचर आरामात वळत होतं, त्याने स्वतः पाहिलं होतं. ‘किंचित कमी, कामात अडथळा नाही,’ असं लिहिता आलं असतं. तसं त्याने लिहिलंही. मग वाचलं आणि त्याला त्या वाक्यात लाडीगोडी ऐकू आली. त्याने ते खोडलं. आपण तिच्या बाजूने झुकतोय असं कुणाला वाटू नये, निदान आपल्याला वाटू नये, म्हणून त्याने लिहिलं : ‘मार्गिकेची रुंदी विहित मर्यादेपेक्षा कमी असून ही बाब रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने गंभीर आहे.’ गंभीर हा शब्द लिहिल्यावर त्याला हलकं वाटलं. हातपाय धुतल्यासारखं.

उपसंचालकांनी अहवाल उभ्या उभ्याच वाचला. पानं उलटत गेले, त्या ओळीवर थांबले आणि हसले. ‘वा, भिंगसाहेब. काम सोपं केलंत.’ आजवर या माणसाने त्याला कधी शाबासकी दिली नव्हती. त्याचे अहवाल म्हणजे त्यांच्या डोक्याला ताप असायचा. टेबलापाशी येऊन त्याने आपली प्रत काढली आणि ती ओळ पुन्हा वाचली. आठवड्याभरात नोटीस गेली. तीस दिवसांत दवाखाना बंद करावा. कारण एकच दिलं होतं, त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत.

त्यानंतर बारा दिवसांनी, दुपारी, फायलींच्या कपाटापाशी त्याचा फुगवटा अडकला. आत जाईना. ऑफिसच्या बाथरूममध्ये फरशीवर आडवा पडून, पाय भिंतीला लावून, तो तासभर दाबत राहिला. वर पाण्याच्या टाकीतून थेंब पडत होता. आपण इथे सापडलो तर लोक काय म्हणतील याचाच विचार तो करत होता, मरणाचा नाही. शेवटी गुरगुर आवाज करत ते आत गेलं. घरी आला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. बायकोने काही न विचारता पाणी दिलं, आणि म्हणाली, ‘मी बघून आलेय एक जागा.’

‘कसली?’

‘तुमच्या दुखण्याची. आठ महिने बायकोपासून लपवता येतं असं वाटलं तुम्हाला? सरकारी यादीचा कागद शर्टात सापडला, धुताना. मी हमरस्त्यावरच्या मोठ्यात जाऊन आले. किती लागतील विचारलं, तर म्हणाले, आधी दाखल करा, मग बघू. मग ती एक बाई आहे, दारावरच लिहिलंय तिच्या. आकडा कळला की माणसाला निदान ठरवता तरी येतं.’

‘ते बंद होणार आहे.’

‘का?’

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. ‘मी लिहिलं म्हणून.’

बायकोने पेला उचलला. मग म्हणाली, ‘बंद झालंय की होणार आहे?’

‘अठरा दिवस आहेत.’

‘मग उद्या जाऊ.’

रांगेत बसताना त्याला वाटत होतं, बाई त्याला हाकलून देतील. तेच बरं, असंही वाटत होतं. बाईंनी त्याला तपासलं, कागद लिहिला आणि म्हणाल्या, ‘परवा सकाळी. उपाशीपोटी या.’

‘तुम्ही मला ओळखलंत ना?’

‘ओळखलं. अहवाल लिहून झालाय तुमचा. आता तुम्ही पेशंट.’

‘भाव?’

‘बाहेर लिहिलाय.’

जास्त सांगितला असता तर तो त्या रात्री झोपला असता. जास्त सांगितला असता म्हणजे सूड पैशांत फिटला असता. पाटीवरचाच भाव म्हणजे सूड शिल्लक. हा हिशोब त्याला इतका उघड वाटला की त्याने तो बायकोला सांगितला. बायको म्हणाली, ‘चोराच्या मनात चांदणं,’ आणि त्याची पिशवी भरायला लागली.

भूल कमरेखालची होती. छातीपाशी हिरवा पडदा बांधला होता. पडद्याच्या अलीकडे तो जागा होता, आणि पलीकडे, जिथे त्याला काही जाणवत नव्हतं, तिथे ज्या बाईचं त्याने दुकान बंद केलं होतं तिच्या हातात सुरी होती. याहून मूर्ख अवस्थेत कुणी कधी सापडलं असेल का, याचा तो विचार करत राहिला. दोन्ही हात बाजूला पट्ट्यांनी बांधलेले. खिसा नव्हता. पाय होते की नव्हते कळत नव्हतं. धातूचा आवाज यायचा, मग शांतता, मग बाई हळूच काहीतरी मागायच्या आणि सिस्टर द्यायच्या. त्याने त्या आवाजात राग शोधला. घाई शोधली. मग जरूरीपेक्षा जास्त शांतपणा शोधला, कारण तोही वाईटच. एक नस इकडची तिकडे झाली तर कोण विचारणार आहे? तपासायला येणारा तर इथे आडवा पडलाय. हे वाक्य त्याच्या मनात आलं आणि त्याला हसू फुटलं. पडदा हलला.

‘हसू नका,’ पलीकडून बाई म्हणाल्या. ‘खोका.’

‘काय?’

‘खोका म्हणते. भोकावर लावलेली जाळी नीट बसलीय का बघायचंय.’

तो खोकला. ‘अजून जोरात.’ तो जोरात खोकला. ‘अजून.’ बाईंचं समाधान होईना. त्यांनी एक टाका उसवला, पुन्हा घातला. पुन्हा खोकायला सांगितलं. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत म्हणाला, ‘मॅडम, ठीक आहे की आता.’ बाई म्हणाल्या, ‘नाही. एवढंसं सैल आहे.’

एवढंसं म्हणजे किती, हे त्याला पडद्यामुळे दिसलं नाही. पण कुणी बघत नसताना, पंधरा दिवसांत दाराला कुलूप लागणार असताना, ही बाई एवढ्याशासाठी टाका उसवते आहे, हे त्याला छताकडे बघता बघता समजलं आणि त्याचे डोळे भरून आले. सिस्टरने विचारलं, ‘दुखतंय का?’ तो नाही म्हणाला. भाव पाटीवरचाच लागला. पावती त्याने घरी येऊन दोनदा तपासली.

घरी पडून राहायचे ते दिवस त्याने आपल्या जुन्या टिपणवह्या काढून घालवले. प्रत्येक तपासणीचं प्रत्येक माप त्याने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं होतं. अहवालात न घेतलेलंसुद्धा. हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलची मार्गिका, गेल्या वर्षीची : नियमाला दीड वीत कमी, वर बाकडी मांडलेली. अहवालात त्याने लिहिलं होतं, ‘सर्वसाधारण समाधानकारक.’ सरकारी हॉस्पिटल, चार वर्षांपूर्वी : एक वीत कमी. ‘जुनी इमारत, हरकत नाही.’ अशी अकरा सापडली. अकरा ठिकाणी तो खाली वाकला होता, मोजलं होतं, आणि उठून उभा राहिला होता. एकाही ठिकाणी त्याने पैसे घेतले नव्हते. हेच त्याला सगळ्यांत भयंकर वाटलं. घेतले असते तर निदान कारण तरी असतं. त्याने एका कोऱ्या कागदावर अकरा नावं आणि अकरा मापं लिहिली, खाली सही केली. बायकोने कागद वाचला. ‘नोकरी जाईल,’ ती म्हणाली. ‘जाईल बहुतेक,’ तो म्हणाला. तिने कागद घडी करून पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवलं, तो पुन्हा उघडून शब्द बदलत बसेल म्हणून.

बाईंनी नोटिशीविरुद्ध अपील केलं होतं; ते पाकीट त्याने त्याच फायलीसाठी पाठवलं. सुनावणी सत्ताविसाव्या दिवशी होती, आरोग्य खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर. अपील अधिकारी वयस्कर होते, चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाजवळ नेऊन वाचणारे. उपसंचालक खिडकीशी. बाई एकट्या, वकिलाशिवाय. अधिकाऱ्यांनी अकरा मापांचा कागद वाचला आणि मग दुसरा एक कागद उचलला. ‘तुम्ही या दवाखान्यात स्वतः ऑपरेशन करून घेतलंत? नोटीस गेल्यानंतर?’

‘हो.’

‘किती सूट मिळाली?’

‘काहीच नाही. पावती जोडली आहे.’

अधिकाऱ्यांनी पावती उजेडात धरली. उलटी करून पाहिली. तसंच त्यानेही आयुष्यभर केलं होतं, अगदी तसाच अंगठा कडेला ठेवून. अधिकारी मनात काय म्हणत असतील हे त्याला शब्दशः ऐकू येत होतं : इतकी बरोबर पावती कोण देतं?

‘या अकरा ठिकाणी रुंदी याहून कमी होती, असं तुम्ही आज म्हणता.’

‘हो.’

‘मग तेव्हा का नाही लिहिलंत?’

उपसंचालक त्याच्याकडे बघत नव्हते. तयार उत्तरं बरीच होती. येताना बसमध्ये त्याने जुळवली होती. ती सगळी चांगली होती.

‘तेव्हा मला संशय आला नव्हता,’ तो म्हणाला. ‘त्यांनी दारावर काही लिहिलं नव्हतं.’

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग लिहायला सुरुवात केली. नोटिशीला तीन महिन्यांची स्थगिती मिळाली. हा दवाखाना धरून बाराही ठिकाणं एकाच मोजपट्टीने पुन्हा मोजावीत असा आदेश निघाला, त्यांत सात मजली आणि सरकारीही आलं, म्हणजे ते काही मोजलं जाणार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. तपासनिसाची त्या दिवसापासून अभिलेख कक्षात बदली झाली. चौकशी लागेल ती वेगळी. उपसंचालक जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, ‘किती दिले हो तिने?’ खरं उत्तर दिलं असतं तरी ते त्यांच्या कामाचं नव्हतं.

आपल्या टेबलाचं सामान आवरून, टिपणवह्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून तो जिन्यापाशी आला तेव्हा बाई वर येणाऱ्या माणसांना वाट देत कठड्याशी थांबल्या होत्या. त्या आभार मानतील असं त्याला वाटलं, आणि मानले तर त्यांतलं किती खरं हे कसं ओळखायचं, याची तयारीही त्याच्या मनाने सुरू केली.

‘वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना सहा आठवडे?’ बाई खेकसल्या. ‘ठेवा ते खाली. शिपायाला सांगा.’

त्याने गठ्ठा खाली ठेवला. बाई भराभर पायऱ्या उतरून गेल्या. त्यांना पेशंट होते. तो रिकाम्या हातांनी सावकाश उतरू लागला, कठडा धरून, एकेक पायरी. यात हिचा फायदा काय, हे तो शेवटच्या पायरीपर्यंत शोधत होता.